भाकरी वाकवणारी हवा

मडिकेरी, नेत्रावतीच्या घरून
तारीख दहा जुलै (बाहेर पाऊस. काल लिहिलं असतं तरी हेच लिहावं लागलं असतं.)

तीर्थरूप चंद्रम्माअक्काला धाकट्या हेमाचे शरणु शरणार्थी.

तुझा गुडघा कसा आहे? दाजींची दाढ निघाली का अजून तोंडातच मुक्कामाला आहे? चिटगुप्प्याकडं पेरण्या आटपल्या म्हणून ऐकलं, तूर वर आली का ते कळव. सुनेला, लेकरांना आशीर्वाद. म्हशीचीही खुशाली विचारली म्हणून सांग (म्हशीला न्हाई, सुनेला सांग, धार तीच काढते). आम्ही दोघं इकडं खुशाल आहोत. खुशाल म्हणजे ओले आहोत, पण खुशाल आहोत.

फोन सोडून पत्र कामून, असं तुला वाटंल. अक्का, तुला कमी ऐकू येतं म्हणून तुझा फोन कायम स्पीकरवर, आणि बोलतीस तू ओसरीवर बसून. मागच्या खेपेला मी माझ्या सुनेच्या सांबाराबद्दल एक शब्द बोलले, तर तो तुझ्या गल्लीतून हुमनाबादच्या बसमध्ये चढला आणि तिसऱ्या दिवशी सुनेच्या माहेरी उतरला. म्हणून हे पत्र. वाचून झालं की चुलीत घाल. तुमच्याकडं कागद पेटतो, इथं पेटत न्हाई.

आम्ही हुलसूरच्या घराला कुलूप घालून कामून निघालोत ते तुला माहीतच आहे. मे महिन्यात हुलसूरच्या बाजारात आंबे निवडता निवडता ह्यांना ऊन लागलं, खाली बसले आणि बसले ते आडवेच झाले. तू शेजारच्या हॉटेलवाल्याचा माठ उचलून त्यांच्या डोक्यावर पालथा केलास. मी मेली नुसती हातात आंबा धरून उभी. दवाखान्यातून घरी आलोत तसं दोन्ही लेकरांनी फोनवर धरणंच धरलं, आता तिथं दोघांनी एकटं ऱ्हायचं न्हाई. वीरेश म्हणला मंगळूरला या, समुद्राची हवा आहे. नेत्रावती म्हणली मडिकेरीला या, डोंगराची हवा आहे, घरात पंखासुद्धा लागत न्हाई. दोघांची फोनवर हवेवरून अशी जुंपली की लहानपणी खिडकीजवळच्या जागेवरून जुंपायची तश्शी. शेवटी ह्यांनी निकाल दिला की दोन्हीकडं तीन-तीन आठवडे ऱ्हाऊन बघतो, आणि कायमचं कुठं ऱ्हायचं ते श्रावणात पंचमीला सांगतो. त्यासाठी शंभर पानी वही घेतली आणि भिंतीला टांगायचा उष्णतामापक घेतला. आडतीत तीस वर्षं तुरीचा दाणा दातानं चावून ओलावा सांगणारा माणूस, आता हवेचा ओलावा वहीत लिहायला लागला. उकाडा, गारवा, ऊन, झोप, भूक, अशा ओळी पाडल्या आणि प्रत्येकाला मार्क. एकूण शंभरपैकी.

मी वहीबिही घेतली न्हाई. मी आपल्या कडक भाकरी घेतल्या. आपण दोघींनी मिळून दोन दिवस भाजल्या त्या, तीळ लावलेल्या, एकशे वीस. जुन्या धोतरात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात भरल्या. आपल्याकडं त्या दोन महिने हलत न्हाईत, आणि मोडली तर कसा आवाज होतो, शेजारच्या घरातलं मांजर उठून बसतं. मला वाटलं, नव्या गावात काही जमलं न्हाई तरी भाकरी, शेंगाची चटणी आणि दही एवढ्यावर माणूस कुठंही दिवस काढंल.

मंगळूरला पहिल्या सकाळी डबा उघडला, भाकरी हातात घेतली, मोडायला गेले, तर अक्का, ती वाकली. मोडली न्हाई, वाकली. रुमालासारखी चौपदरी घडी झाली. खोटं कशाला बोलू, मी तुला मनातल्या मनात लई बोलले. अक्कानं मागच्या वर्षीचं पीठ खपवलं म्हणले, तुझ्या हाताला, तुझ्या तव्याला, सगळ्याला बोलले. दुसरी काढली, वाकली. तिसरी काढली, वाकली. मग मिठाची बरणी बघितली तर मिठाला पाणी सुटलेलं, पापड फडक्यासारखे, आणि पेपरचं पान उलटलं तर आवाजच न्हाई. तेव्हा कळलं की दोष तुझा न्हाई, गावाचा आहे. पोटात ठेवू नकोस, माफ कर. माझी नात सोनू (पाच वर्षांची झाली, तुझ्यासारखीच ठसक्यात बोलते) ती भाकरी चटणी लावून गुंडाळून खायची आणि मला विचारायची, अज्जी, ही चांगली आहे, पण तू हिला कडक कामून म्हणतीस? आता तिला काय सांगावं! तिला हुलसूरला नेऊन दाखवायलाच पायजे.

आता ह्यांचं ऐक. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला दही आणायला म्हणून निघाले. सूनबाई विजयश्री छत्री घेऊन मागं धावली, तर हे म्हणले, छत्री कशाला, ऊन कुठं आहे? (आपल्याकडं छत्री उन्हासाठीच की! चाळीस वर्षांत ह्यांच्या छत्रीनं पाऊस बघितलेला न्हाई.) कोपऱ्यावर गेले न गेले तोच धो-धो सुरू झाला. हे एका कापडाच्या दुकानाच्या वळचणीला उभे ऱ्हायले. उघडंल आता, म्हणून. आपल्याकडं कसं, पाऊस आला की वळचणीला उभं ऱ्हायचं, दोन माणसांची विचारपूस करायची, तोवर उघडतो. अकरा वाजले, दुकानदारानं स्टूल दिलं. बारा वाजले, चहा दिला. दीड वाजता त्याच्या डब्यातला भात दिला. रिकामं कसं बसावं म्हणून ह्यांनी गिऱ्हाइकांनी विस्कटलेल्या साड्यांच्या घड्या घालायला घेतल्या. चार वाजता दुकानदारानं भीतभीत विचारलं, अण्णा, तुम्ही कुणाची वाट बघायलात? हे म्हणले, पाऊस उघडायची. तो म्हणला, मग दसऱ्यापर्यंत बसावं लागंल. तोवर इकडं वीरेश ऑफिस सोडून सगळी हॉस्पिटलं पालथी घालत होता. हे भिजत घरी आले ते दही न घेताच, आणि वर मलाच म्हणले, माणसं लई चांगली आहेत इथली, माणुसकीला दहा मार्क देतो.

बादल्यांचं तर सांगायलाच नको, पण सांगते. एवढं पाणी गच्चीच्या पाइपातून खाली गटारीत जायलंय हे आमच्या दोघांच्याच्यानं बघवंना. तुला ठाऊक आहे, हुलसूरला टँकर आला की आपण भगुण्यापासून तांब्यापर्यंत सगळं ओळीनं लावतो. सूनबाई कामावर गेली तसं मी बाल्कनीत बादल्या लावल्या, मग पातेली, मग कुकर. ह्यांनी सोनूचा टबसुद्धा आणून ठेवला. तासाभरात सगळं काठोकाठ, आणि आम्ही दोघं असे खूश, जणू शेतात बोअरला पाणी लागलं. खालून वॉचमननं बाल्कनीत ओळीनं भांडी बघितली आणि वीरेशच्या घराचं छत गळायलंय म्हणून सेक्रेटरीला कळवलं. दुसऱ्या दिवशी चार माणसं भर पावसात गच्चीवर चढून डांबर लावायली. खरं सांगायची हिंमत आमची झाली न्हाई, वीरेशचीही झाली न्हाई. घरात भात शिजवायला भांडं उरलं नव्हतं म्हणून ते पाणी ओतावं लागलं. अक्का, आठ भांडी गोडं पाणी मोरीत ओतताना मला रडू आलं बघ. सूनबाईला वाटलं तिचं काही चुकलं, मग तीही रडायली.

तरी मंगळूरला नावं ठेवणार न्हाई. उघडीप मिळाली की वीरेश समुद्रावर न्यायचा, सूनबाई रोज स्वतःच्या हातानं माझ्या केसात मोगऱ्याचा गजरा माळायची, सोनू माझ्या कुशीत शिरून गोष्ट ऐकायची. घाम मात्र असा, की अंगावरची साडी सकाळी नेसली ती दुपारी धुतल्यासारखी. ह्यांनी उकाड्याला बारा मार्क कापले आणि माशांच्या वासाला सहा. मग निघायच्या दिवशी सोनू त्यांच्या पायाला मिठी मारून बसली तेव्हा काय झालं कुणास ठाऊक, वही उघडून काहीतरी खोडलं.

तिथून बसनं घाट चढून इकडं आलोत. मंगळूरला अंगाला चिकटलेला पदर इथं अंगाभोवती आवळून घ्यावा लागला, एवढाच फरक, पाऊस तोच. आल्याआल्या हे दार उघडून डोंगर बघत उभे होते, तर नेत्रावती आतून ओरडली, अप्पा, दार लावा, ढग यायलाय! आपण कुत्रं यायलंय म्हणतो तसं. आणि खरंच आला की गं, पांढरा, गार, सोफ्यावर बसला, देवघरात गेला, निघायचं नाव न्हाई. ह्यांनी दोन स्वेटर, त्यावर जावईबापू लिंगराजचा कोट आणि डोक्याला माकडटोपी असा अवतार केला. जुलै महिन्यात! जावईबापू कॉलेजात शिकवतात, लई मर्यादेची माणसं, हसू आलं की आत जाऊन हसतात. इथं कपडे वाळत न्हाईत, ते वाळवावे लागतात. अंघोळीच्या पाण्याची चूल आहे लाकडाची, तिच्यावर दोऱ्या बांधल्यात, आणि सगळं घर अंगाला धुराचा वास घेऊन हिंडतं. ह्यांचं धोतर तर भाजलेल्या वांग्यासारखं वास मारायलंय. भाकरीचं विचारू नकोस. इथं ती वाकण्याच्याही पुढं गेली, तिच्यावर हिरवी लव आली.

ऊन इथं आठ दिवसांनी एकदा पाहुण्यासारखं येतं. गेल्या मंगळवारी आलं, ह्यांनी घड्याळ लावलं, बारा मिनिटं होतं. सगळी गल्ली गाद्या, उशा, लेकरांची दप्तरं घेऊन बाहेर पळाली. हे भाकरीचा डबा घेऊन पळाले. कंपाउंडच्या भिंतीवर भाकऱ्या ओळीनं मांडल्या आणि सूर्याकडं तोंड करून हात जोडून उभे ऱ्हायले. शेजारीण नेत्रावतीला विचारायली, ही तुमच्याकडची कसली पूजा? आणि हा तोच माणूस अक्का, जो हुलसूरला जन्मभर सूर्याला नाही नाही ते बोलला. मीही मागं उभी ऱ्हाऊन पदर उन्हात धरला. एवढंसं ऊन पाठीवर पडलं तर कुणी आपलं माणूस भेटल्यासारखं झालं.

इथंही सुख आहे, खोटं बोलणार न्हाई. धूळ न्हाई, झोप गाढ लागते, नेत्रावती तिन्ही वेळा गरम वाढते आणि मी ओट्याकडं गेले की हात धरून परत आणून बसवते. परवा काय बघितलं सांगू? ती लहानपणी कडक भाकरीला खापर म्हणून ताटाबाहेर सारायची, आठवतं? तिनं डब्यातल्या चांगल्या उरलेल्या बारा भाकऱ्या निवडून, फडक्यात बांधून चुलीवरच्या आढ्याला टांगून ठेवल्यात. रोज कॉलेजातून जावई यायच्या आधी एक काढते आणि उभ्यानंच मोडून बघते. मी दारातून बघितलं, तिला कळू दिलं न्हाई.

आता मुद्द्याचं. काल हे अंघोळीला गेले तेव्हा मी वही उघडून बघितली. मंगळूर एकसष्ट, मडिकेरी एकसष्ट. खोडून खोडून कागदाला भोकं पडलीत. मला वाटतं ह्यांना दोन्ही गावं आवडलीत आणि ठरवता येईना झालंय. पंचमी वीस दिवसांवर आली. ह्यांनी एका गावाचं नाव घेतलं की दुसरं लेकरू दुखावणार. आणि मी? मी तोंड उघडत न्हाई. उघडलं तर एकच गाव बाहेर पडंल, आणि त्या गावाच्या उन्हात हे पुन्हा पडले तर मी स्वतःला काय तोंड दाखवू? बाजारातला तो दिवस अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात न्हाई. म्हणून रोज हसते, ढगाला बस म्हणते, आणि घराची किल्ली कमरेला आहे का ते दिवसातून दहा वेळा चाचपते.

बाकी सगळं ठीक. दाजींना नमस्कार, तुझ्या गुडघ्याला जपावं, आणि उन्हात बसायला मिळतंय तर दोन घटका माझ्याही वाटच्या बस.

तुझी
हेमा

ता. क. : अक्का, खरं काम एवढंच आहे. तू जरा आजारी पड. लई न्हाई, थोडीशी. सुनेकडून वीरेशला फोन करव की मावशीनं अंथरूण धरलंय आणि हेमाच्या नावाचा जप लावलाय. म्हणजे आम्हाला दोन्ही लेकरांना न दुखवता निघता येईल. एकदा तिकडं आलोत की तुझ्या सेवेत पंचमी जाईल, मग गौरी येतील, मग थंडी येईल. थंडीत कोण कुणाला ऊन लागतंय म्हणून नेतं?

ता. क. दुसरा : ताप आणि छाती नको, वीरेश डॉक्टर घेऊन येईल. गुडघाच बरा, तो तुझ्याकडं आहेच. आणि हे पाकीट आतून भाताच्या शितांनी चिकटवायलेय, कारण इथल्या हवेनं सगळी पाकिटं आत काही घालायच्या आधीच चिकटून बसलीत, फाडून उघडावी लागली. पोस्टात टाकायला ह्यांच्याकडंच देते. हे दुसऱ्याचं पत्र वाचणारे न्हाईत.

ता. क. तिसरा (अक्षर वेगळं, मी धोंडप्पा) : अक्कांना शरणार्थी. पाकीट मी उघडलं न्हाई, हवेनं उघडलं, शितं सुटली. मी फक्त शेवट वाचला. शेवट कळंना म्हणून सुरुवात वाचली. तर आपण कृपा करून आजारी पडू नका, कारण मी माझ्या भावाला, बीदरच्या मृत्युंजयला, परवाच आजारी पडायला सांगितलंय. पोटदुखी ठरली आहे. दोन्हीकडची माणसं एकदम पडली तर लेकरं संशय घेतील किंवा सोबतच यायला निघतील. वहीत मार्क सारखे करायला मला तीन खोडरबर लागले, कुणाला कमी द्यावं वाटंना. मी हुलसूरचं नाव काढलं न्हाई, कारण हेमाला आता तिथली धास्ती बसली असं मला वाटत होतं. ती दीड महिना रोज हसायली, मग मी कसा बोलू? आता ठरवलंय, चैत्र-वैशाख डोंगरावर लेकीकडं, दिवाळीनंतर पंधरा दिवस समुद्रावर सोनूकडं, बाकी आपल्या घरी, आणि उन्हात जाताना छत्री. हुलसूरचंही पान केलंय वहीत शेवटी. ऊन नापास, धूळ नापास, पाणी नापास. भाकरी मोडते. पैकीच्या पैकी. दही मी त्या दिवशी आणायला विसरलो न्हाई, दुकान बंद झालं होतं.

ता. क. चौथा (मावशी, मी नेत्रावती) : भिजलेलं पत्र अप्पांनी चुलीवरच्या दोरीला चिमटे लावून धोतराशेजारी वाळत घातलं होतं. कपडे काढायला गेले तर वाचलं. मावशी, तू आजारी पडू नकोस, काकांनाही उठून बसायला सांग. वीरेशशी बोलले, तो हसून हसून रडला. अव्वा-अप्पांची घरी जायची अठरा तारखेची तिकिटं काढलीत. आम्हाला काय हवेचे मार्क पायजे होते व्हय? बाजारात अप्पा पडले तेव्हा आम्ही दोघंही दूर होतो, एवढंच टोचत होतं. अप्पांनी लिहिलंय तसंच होऊ दे, फक्त उन्हाळ्याचं छत्रीवर सोडायचं न्हाई, मीच न्यायला येईन.

एक काम तुझ्याकडं. अव्वा घरी पोचली की नव्या भाकरी भाजायला तू जाशीलच. पहिली गार झाली, कडक झाली की मला फोन लाव आणि फोनजवळ धरून अव्वाला मोडायला सांग. माझ्या बारा भाकऱ्या रोज मोडून बघते, अजून एकीनंही आवाज केलेला न्हाई. फोन स्पीकरवरच असू दे.